एका भिंतीचं घर

"घराला एकच भिंत! दुसरी घातलीत, तर पाडून टाकीन!"

कुरणगडच्या धवलराजांनी भर दरबारात हुकूम सोडला आणि बुरूड आळीची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. एका भिंतीचं घर? एका भिंतीत गोठासुद्धा होत नाही!

बिचारे आले होते न्याय मागायला. बुरूड आळीतल्या सगळ्या खोल्या दिवाण रंगोपंतांच्या. रंगोपंतांनी भाडं एकाएकी दुप्पट केलं, वर दम भरला, "दिवाळीपर्यंत द्या, नाहीतर चालते व्हा!" सुपं-टोपल्या विकून एवढं भाडं भरायचं, तर पाखडायला सुपात दाणा कुठून उरणार? जकात नाक्यावर गोळा होणारा नगरनिधी रयतेच्या निवाऱ्यासाठीच ठेवलेला. त्यातून आम्हाला साधी घरं बांधून द्या, एवढंच आळीचं मागणं होतं.

राजा मनाचा वाईट नव्हता, पण हट्टी होता. आणि हट्टी माणसाच्या कानाशी लबाड माणूस बसला, की झालंच कल्याण!

"महाराज," रंगोपंत कुजबुजले होते, "हत्तीची झूल झाली, बागेतलं कारंजं झालं, निधीत आता आहेच काय? घरटी एक भिंत निघेल, फार तर!"

राजानं तेच मोठ्यानं जाहीर केलं. राजाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! "पदरच्या पैशानंही दुसरी घालायची नाही. एका भिंतीत घर उभं राहिलं, तर जागा कायमची तुमची. नाही राहिलं, तर मुकाट्यानं दिवाणजींचं भाडं भरा!"

"आणि जागा कुठली, महाराज?"

बोलली ती भिवा बुरडाची लेक हौसा. बांबू आणि समोरच्याचा तोरा, दोन्ही एका घावात फोडणारी पोर!

रंगोपंतांना लगेच लोभ सुटला. त्यांच्या हवेलीला लागून, शहराच्या तटाखाली, मोठा उकिरडा होता. गाढवं लोळायची तिथं.

"तो उकिरडा द्या, महाराज! घरं होवोत न होवोत, घाण तरी निघेल!" फुकटात सफाई होणार म्हणून दिवाणजी मिशीतल्या मिशीत हसले.

"दिली जागा!" राजा म्हणाला.

"घेतली!" हौसा म्हणाली, आणि तिच्या बापानं कपाळावर हात मारून घेतला.

दिवाळी तोंडावर आली, तसा राजा हत्तीवर बसून तपासणीला निघाला. बघतो तर काय! उकिरडा गायब, गाढवं गायब, आणि तटाखाली एका ओळीत घरंच घरं! चुली पेटलेल्या, पोरं हुंदडतायत.

"फसवणूक!" रंगोपंत किंचाळले. "एका भिंतीत असलं घर होतंच नाही!"

"झालंय की!" हौसा पुढं आली. "बघा महाराज, मागं आहे तो तुमचा तट. तुमच्या पणजोबांनी बांधला, आम्ही नाही. ही उजवीकडची भिंत निधीतली, आमच्या वाट्याची. तीच शेजारच्या घराची डावी. त्यांची उजवी ती पलीकडच्यांची डावी. घरटी एकच भिंत, हवी तर मोजून घ्या!"

"आणि पुढची बाजू? ती भिंत नाही का?" राजानं विचारलं.

हौसानं पुढचा बांबूचा तट्टा सोडवला, सरसर गुंडाळला आणि काखेत मारला. "काखेत मावते ती कसली भिंत, महाराज? आणि चारी बाजूंनी भिंती घातल्या असत्या, तर त्याला घर नाही, कोठडी म्हणतात!"

राजाच्या ओठांचे कोपरे हलले. पण रंगोपंत बरे सोडतील! "थांबा! ओळीतल्या पहिल्या घराला डावीकडे शेजारीच नाही. मग त्याची डावी भिंत आली कुठून? म्हणजे दुसरी घातलीच! पाडा!"

राजानं भुवई उंचावली. "बोल पोरी!"

"पहिलं घर माझंच आहे, महाराज. आणि डावीकडे शेजारी नाही कसा? चांगले दिवाणजी आहेत की!"

राजा हत्तीवरून उतरून आत शिरला. खरंच! डावीकडे रंगोपंतांची हवेली. तिच्या भिंतीला हौसाची सुपं टांगलेली, आणि खाली तिची आत्या उखळात मिरच्या कुटत बसलेली. वर हवेलीच्या गच्चीत दिवाणीणबाई शिंकून शिंकून बेजार!

"माझी भिंत!" रंगोपंत थयथयाट करू लागले. "भाडं टाका!"

"टाकते की! पण आधी राखणीचा पगार काढा. गेल्या साली याच भिंतीला भगदाड पाडून चोर शिरले होते ना? आता चोराला आधी माझ्या आत्याच्या उशाशी यावं लागेल. आणि आत्या उशाखाली कोयता घेऊन झोपते!"

आत्यानं मुसळ खाली ठेवून कोयता दाखवला. रंगोपंत टुणकन मागं सरले, ते थेट हत्तीच्या सोंडेवर आपटले!

आता मात्र राजाला हसू आवरेना. "दिवाणजी, राखणीचा पगार दर महिन्याला नगरनिधीत भरायचा! जे अजून भाड्यानं राहतात, त्यांच्या भाड्याला त्यातून हातभार लावू. आणि वाढवलेलं भाडं आजच्या आज खाली! पोरी, तू बक्षीस माग."

"महाराज, कोष्टी आळीलाही घरं हवीत. तुमच्या राजवाड्याची बाहेरची भिंत केवढी लांबलचक, नुसती उन्हात तापतेय!"

राजा इतका हसला, की फेटा सुटून गळ्यात आला. "दिली! सगळी भिंत दिली! आणि कोष्ट्यांना घरटी दोन भिंतींचे पैसे!"

"दोन कशाला, महाराज? एकच पुरे. दुसरीला शेजारी असतो!"

राजानं हसत हसत हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या हातात घातलं, आणि कोष्टी आळीची पहिली वीट वाहायला रंगोपंतांच्याच डोक्यावर दिली.