शिराळकरांची दुपारची झोप

लग्नानंतरची पहिली सहल जंगलात करायची, असं रेवती आणि सुजयने ठरवलं खरं. पण झाडांना बांधून झोपायचे हॅमॉक खिशाला परवडले, तरच सहल!

दोघं साताऱ्यात शिराळकरांच्या दुकानी पोचले, तेव्हा दुपारची विश्रांती म्हणून शटर अर्ध्यावर होतं. रेवतीने वाकून आत पाहिलं आणि ती पायरीवर बसली.

चारला दुकान उघडलं. शिराळकरांनी महागडे, गादीवाले हॅमॉक पुढे केले. शिवाय छत, दिवा, पायाला टेकू, सगळंच घ्या म्हणाले.

"आम्हाला ते साधे कापडी चालतील," सुजय चाचरत म्हणाला. "सोबत फक्त मच्छरदाण्या आणि बांधायचे पट्टे..."

"साधे?" शिराळकर गरजले. "हयात गेली माझी या धंद्यात! त्या फडक्यात डोळा लागत नाही माणसाचा. त्यात गाढ झोपलेला एक जण दाखवा, मच्छरदाण्या आणि पट्टे फुकट देतो!"

एव्हाना जमलेली बाकीची गिऱ्हाइकं हसली. ओशाळून सुजयने पाकीट काढलं. रेवतीने त्याचा हात धरला.

"काका, मघाशीच दाखवला असता," ती हळूच म्हणाली. "पण तुम्ही इतके छान घोरत होतात, उठवणं जिवावर आलं."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. तिथे दोन खांबांमध्ये साधा कापडी हॅमॉक लोंबत होता, उशीसकट.

शिराळकरांनी मिशीवरून हात फिरवला आणि मच्छरदाण्या, पट्टे काढले.

"घ्या सूनबाई," ते म्हणाले. "उद्यापासून शटर मात्र पुरतं खाली ओढणार!"