बांबूआडची वाटी

देवाशपथ, ही खरी गोष्ट आहे. म्हणजे वाटीपर्यंत नक्की खरी. पुढचं मठीत घडलं, आणि तिथे एक कुत्रा सोडला तर बघायला कोणी नव्हतं.

"मग तोडू का बांबू?" हेरंब तेंडोलकरनं विचारलं.

भिवाबुवा मठीच्या भिंतीला टेकून बसले होते. सकाळपासून लोकांच्या शंका ऐकून ऐकून त्यांचा जीव आंबला होता.

"लावलास कशाला?"

एकांतासाठी, हेरंब म्हणाला. नोकरी संपली, घरात एकटाच, तेव्हा आता संसारातून मन काढायचं असं त्यानं ठरवलेलं. रोज अंगणात आसन टाकून डोळे मिटायचा. आणि रोज शेजारच्या कुमुदवहिनी मधल्या दगडी गडग्यावरून डोकावून विचारायच्या, बरं वाटत नाही का हो? शेवटी त्यानं गडग्याला लागून बांबू लावला. काही पावसाळ्यांत अशी दाट भिंत झाली की पलीकडचा दिवासुद्धा दिसेना.

"मग झालं की."

"कुठलं, बुवा. कोंब त्यांच्या बाजूला फुटले."

वहिनींनी ते कापले, रात्रभर पाण्यात ठेवले, भाजी केली. पण बांबू शेजाऱ्याचा, म्हणून वाटीभर त्यालाही पाठवली. आता शेजारणीची वाटी रिकामी कशी परत करायची? हेरंबनं तीत आमसुलं घातली. दुसऱ्या दिवशी त्याच वाटीतून सोलकढी आली. त्यानं केळी दिली, तर शिरा आला. मग वैतागून त्यानं नुसतं मीठ भरून पाठवलं. पंधरवड्यानं लिंबाचं लोणचं आलं.

आता तो ध्यानाला बसला, की डोळ्यांपुढे देव येत नव्हता. वाटी येत होती. आज तीत काय घालू... थकून गेला होता बिचारा.

"रिकामी देऊन टाक," बुवा म्हणाले.

हेरंबनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी देवळात चपला घालून जायला सांगितलं.

"वहिनींना काय वाटेल?"

"तिचं तोंड दिसणार आहे का तुला? मध्ये बांबू आहे."

हेरंबनं मांडीवरची पिशवी सावरली. कुत्र्यानं कूस बदलली.

...

"बरं," बुवांनी हात पुढे केला. "ती वाटीच दे मला. इथे मठीत राहील. वाटीच नाही, तर परत काय करणार? सुटलास."

हेरंबला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. याचसाठी तर तो डोंगर चढून आला होता. त्यानं पिशवीतून वाटी काढली. काठाला पोचा होता. बुडाला नाव कोरलेलं होतं... कुमुद.

वाटी परत पिशवीत कधी गेली ते त्याला कळलं नाही. पिशवीचं तोंड त्यानं मुठीत आवळून धरलं होतं.

बुवांचा हात तसाच पुढे होता. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि मोठी जांभई दिली.

"आज काय घालणार आहेस?"

"गूळ," हेरंब हळूच म्हणाला.

बुवांनी डोळे मिटले.

"मग उद्या जे येईल, त्यातलं अर्धं इथे आणून ठेवायचं. दक्षिणा."