हार कुठल्या गाडीला?

डोंगरावरच्या वाड्यांतल्या मुलींसाठी शाळेला एक जुनी मिनीव्हॅन घ्यायची होती. गाडी घाटात वरचेवर बंद पडली, तर आईबाप मुलींना घरीच बसवतील, या काळजीने तरुण शिक्षिका चिन्मयी विक्रीच्या आवारात एका चकचकीत व्हॅनचं बॉनेट उघडून इंजिन निरखत होती. मुख्याध्यापिका लोखंडेबाई मात्र नुसत्याच उभ्या. चिन्मयीला त्यांचा रागच आला.

गाड्यांचे बडे व्यापारी दादासाहेब शेळके यांनी त्या व्हॅनला आधीच झेंडूचा हार घालून ठेवला होता.

"बाई, गाडीतलं तुम्हाला काय कळणार? शेळक्याच्या शब्दावर अख्खा जिल्हा गाड्या घेतो!"

"घेतो की," लोखंडेबाई म्हणाल्या. "पण घाटात बंद पडली तर?"

"फोन करा! आमची माणसं गाडी घेऊन लगेच हजर."

"कुठली गाडी?"

दादासाहेबांनी ऐटीत कोपऱ्यातल्या पोचे पडलेल्या, रंग उडालेल्या व्हॅनकडे बोट केलं. "ती! पाऊस असो, चिखल असो, पठ्ठीने एकदाही दगा दिला नाही."

"मग तीच द्या आम्हाला."

"छे छे! ती विकली तर अडकलेल्यांना आणायला काय पाठवू?"

"ही आहे की चकचकीत," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचा शब्द आहे ना हिच्यावर?"

भोवतीची गिऱ्हाइकं खो खो हसली. चारचौघांत नाही म्हणायची सोयच उरली नाही. दादासाहेबांनी मुकाट्याने हार काढला आणि कोपऱ्यातल्या गाडीला घातला.

थक्क झालेल्या चिन्मयीने बॉनेट हलकेच बंद केलं. तपासायला आता उरलंच काय होतं!