लांब घर, आखूड काडतूस

फार पूर्वीची गोष्ट आहे, डोंगरातल्या एका राज्यातली. राजाकडे फौज थोडी होती आणि रान मात्र अफाट. म्हणून राजाने रानाकाठच्या प्रत्येक गावाला एकेक बंदूक देऊन ठेवली होती. गावाने आपल्यातला नेमबाज निवडायचा आणि त्याने गाव राखायचे.

अशाच एका गावची बंदूक सटवाजीकडे होती. माणूस नेमाचा पक्का, पण पायाला भिंगरी. जेवायला बसला तरी त्याचे डोळे उंबऱ्याबाहेर.

बंदूक मोठी देखणी होती. खालचा दांडा मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर उडायचे, आणि पुढे ढकलला की नवे काडतूस आपोआप नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या घरात जाऊन बसायचे. तिची डागडुजी गावातली म्हातारी लोहारीण सखाक्का करायची. बंदूक हाती देतानाच तिने सटवाजीला बजावले होते, "हिचं घर लांब काडतुसाचं आहे, बाबा. त्याच जाडीचं आखूड काडतूस घातलंस तरी उडेल. पण ते पुढे थोडी जागा मोकळी सोडतं, आणि त्या जागेत काजळी धरते. रोजच्या रोज घासत जा."

"घासतो की, आक्का," सटवाजी म्हणाला आणि चालू लागला.

आखूड काडतूस त्याला फार आवडले. दारू कमी, आवाज बेताचा, खांद्याला झटका नाही. भुईमूग उकरणारी साळिंदरे, कोंबड्यांवर टपलेला कोल्हा, सगळ्यांना ते पुरे पडायचे. लांब काडतुसे फडक्यात बांधून खुंटीला टांगली होती, ती तशीच राहिली. दोन महिने सटवाजी आखूड काडतुसेच उडवत राहिला. बंदूक एकदाही अडली नाही. मग घासायचे तरी कशाला?

त्याचा मेव्हणा हैबती त्याच्याबरोबर रानात हिंडायचा. तो एकदा म्हणाला, "दाजी, नळीतून जळका वास येतोय. आज साफ करून टाकू या."

"उद्या," सटवाजी म्हणाला. तेवढ्यात त्याला बांधावर काहीतरी हलल्यासारखे वाटले आणि तो धावला.

त्याच सुमारास एक दांडगा एकटा रानडुक्कर ओढ्याच्या वाटेवर येऊ लागला. त्याने दोन बैल फाडले. पाण्याला गेलेली एक बाई झाडावर चढली म्हणून वाचली. गावाने हाका घालायचे, म्हणजे गोंगाट करून त्याला जाळीतून बाहेर हुसकायचे ठरवले. बायकापोरे घरात कोंडली, पुरुषांनी ढोल आणि पत्र्याचे डबे घेतले. सटवाजीने खुंटीवरचे फडके सोडले आणि लांब काडतुसे बंदुकीत भरली. जनावर दिसेपर्यंत घर रिकामे ठेवायचे, हा गावचा नियम होता, तो त्याने पाळला.

करवंदीच्या जाळीपाशी तो उभा राहिला. दहा पावलांवर हैबती काठी घेऊन उभा होता. ढोल जवळ येत होते. सटवाजी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

जाळी फाटली आणि डुक्कर बाहेर आला.

सटवाजीने दांडा मागे ओढला, पुढे ढकलला. दांडा अर्ध्यावर अडला. त्याने जोर केला, पुन्हा जोर केला. काडतूस ना आत जाई, ना बाहेर येई.

"दाजी, मारा!" हैबती ओरडला.

डुक्कर हैबतीवर गेला. सटवाजीने बंदूक उलटी धरली आणि धावत जाऊन दस्ता जनावराच्या पाठीवर हाणला. डुक्कर वळला, चीत्कारला आणि ओढ्यात उतरून दिसेनासा झाला. हैबतीची मांडी गुडघ्यापर्यंत फाटली होती. सटवाजीने डोक्याचे मुंडासे सोडून ती बांधली आणि त्याला पाठीवर घेऊन तो वैद्याच्या दारापर्यंत पळत गेला.

हैबती वाचला. पाय मात्र वाकडा राहिला.

"झालं काय?" लोकांनी विचारले.

"बंदूक ऐन वेळी फसली," सटवाजी म्हणाला.

हे काही खोटे नव्हते. पण लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. बंदुकीचे काम कोण करते? सखाक्का. म्हातारीचे हात थकले, असे कोणी म्हणाले. दुसऱ्याने आपला नांगराचा फाळ तिच्याकडून परत आणला आणि शेजारच्या गावी नेला. आठवड्याभरात तिचा भाता थंड पडला.

सटवाजीला घरात बसवेना आणि रानात जाववेना. तो गावाला उगाच फेऱ्या घालायचा आणि सखाक्काच्या दारावरून जाताना पाय उचलून चालायचा. शेवटी एका सकाळी तो तिच्या अंगणात शिरला.

त्याने बंदूक तिच्यापुढे ठेवली. अडकलेले काडतूस आधीच कोणीतरी हिसडून काढले होते. तिने बंदूक खोलली, तारेचा कुंचा घरात फिरवला आणि पांढऱ्या फडक्यावर झटकला. फडक्यावर काळ्या खपल्यांचा ढीग पडला.

"आखूड काडतूस इथवर पोचतच नाही, लांब मात्र इथंच अडतं," ती म्हणाली. "म्हणून तुला कधी कळलं नाही."

"आक्का, हे फडकं मला द्या."

सटवाजी फडके घेऊन चावडीवर गेला. सगळ्यांसमोर ते उघडून म्हणाला, "आक्कांनी सांगितलं होतं, हैबतीनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. दोष म्हातारीच्या हाताचा नाही, माझा आहे."

पाटलांनी बंदूक दुसऱ्या नेमबाजाला दिली. पुढच्या हाक्यात त्याने तो डुक्कर पाडला. सखाक्काकडे लोक पुन्हा फाळ घेऊन आले; काही मान खाली घालून आले.

सटवाजीने त्या वर्षी आधी हैबतीचे शेत नांगरले, मग आपले. पहिल्या दिवशी हैबती काठी टेकत बांधावर आला. सटवाजीला त्याच्याकडे बघवेना.

"दाजी," हैबती म्हणाला, "पाय गेला त्याचं मी सोसेन. पण आक्कांवर आळ येऊ दिलात, ते मला आवडलं नव्हतं. आता बोललात, बरं झालं. भाकर खायला या."

बाळगोपाळांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: सोप्या दिवसांत केलेली हयगय दिसत नाही, ती अवघड दिवशी आडवी येते, आणि तेव्हा तिची शिक्षा बहुधा दुसऱ्यालाच भोगावी लागते.