हौसा माळीण आणि चिडलेला टोमॅटो

एका राज्यात उदेभान नावाचा राजा होता, बरं का. मनानं वाईट नव्हता, पण त्याला एक खोड होती. सगळं सारखं पाहिजे! हत्तीला जेवढा चारा, तेवढाच शेळीला. पैलवानाला आणि तान्ह्या बाळाला एकाच मापाचा अंगरखा. का रे बाबा, असं विचारलं तर म्हणायचा, "मला सगळे सारखे. हाच माझा न्याय." आता अशा माणसापुढे कपाळ बडवून घ्यायचं की आणखी काही करायचं? हसू नका, हत्ती अर्धपोटी झुलायचा तिकडे.

त्या वर्षी राजाची आई आजारी पडली. थोरल्या आईसाहेब म्हणायचे तिला सगळे. ताप नाही, खोकला नाही, पण तोंडाची चव पार गेली. राजा रोज सोन्याच्या वाटीतून खीर पाठवायचा. आईसाहेब वाटी बाजूला सारायच्या. अशा वाळत गेल्या, की उशीवर डोकं ठेवलं तर उशी दबायची नाही. वैद्यांनी हात टेकले.

मग एके दिवशी लांबच्या मुलखातला एक व्यापारी आला. त्यानं एक रोप दिलं. म्हणाला, "हा टोमॅटो. याचं पिकलेलं फळ मिठाशी खाल्लं की गेलेली चव परत येते. रोप एवढं एकच आहे. दिवाळीपर्यंत फळ मिळालं तर आईसाहेब वाचतील."

राजानं रोप हौसा माळणीकडे दिलं. हौसा अंगानं किडकिडीत, तोंडानं तिखट. राजाची बाग तिच्याकडेच होती, आणि एक नवल होतं. झाडांचं बोलणं फक्त तिला ऐकू यायचं. झाडं म्हणजे गोड गोड बोलत असतील असं वाटतं ना तुम्हाला? छे! दिवसभर तक्रारी. तिची पिवळी शेवंती तर महानखरेल. पाय ओले झालेले चालायचे नाहीत, पानावर पाणी पडलेलं चालायचं नाही. पण फुलायची अशी, की सात राज्यांतली माणसं बघायला यायची. हौसानं टोमॅटो तिच्याच शेजारी लावला.

झालं! दुसऱ्याच आठवड्यात राजा बागेत आला.

"हौसा, ही शेवंती एवढी डेरेदार कशी झाली?"

"शेंडा खुडती मी तिचा, महाराज. शेंडा खुडला की बाजूनं फुटती."

"मग टोमॅटोचाही खुडा."

"आवं, न्हाई! त्येला वर जाऊ द्यायचं. काठीला बांधायचं. पानांच्या बगलंतलं फुटवं तेवढं काढायचं."

"एकाला एक, दुसऱ्याला दुसरं? माझ्या बागेत असा अन्याय चालणार नाही."

आणि शिपायानं कचकन शेंडा खुडला. टोमॅटो कळवळला, ते एकट्या हौसाला ऐकू आलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी राजाची. दात-ओठ खात ती पुन्हा कामाला लागली. टोमॅटोला नवीन शेंडा धरायला पंधरा दिवस लागले. तिकडे आईसाहेबांचे पंधरा दिवस गेले ना फुकट!

मग टोमॅटोला फुलं आली. पाचच, पिवळी, चिमुकली. हौसा त्यांच्याकडे टक लावून बसायची. आणि एका सकाळी बघते तर फुलं गायब! राजाचा हुकूम होता. शेवंतीची फुलं रोज खुडतात ना, मग टोमॅटोचीही खुडा. पाचही फुलं चांदीच्या तबकात घालून आईसाहेबांपुढे ठेवली होती. आईसाहेबांनी तोंड फिरवलं.

आता मात्र हौसाच्या तोंडाचा पट्टा सुटला. भर दरबारात गेली, चिखलाच्या पायांनी.

"महाराज, शेवंतीचं फूल हेच तिचं सगळं काही! खुडलं की ती दुपटीनं फुलती. ह्येचं फूल खुडल्यावर फळ कुठनं यायचं? माझ्या डोस्क्यातनं?"

राजा ओशाळला. खूप वेळ विचार केला त्यानं, आणि काय म्हणाला असेल? म्हणाला, "माझं चुकलं. आजपासून शेवंतीला टोमॅटोसारखं वाढवा."

घ्या! ऐकलंत? ऐकून ऐकून एवढंच ऐकलं!

झालं, शेवंतीची फुलं खुडणं बंद झालं. ती झाडावरच सुकली, काळी पडली, नव्या कळ्या येईनात. टोमॅटोला मात्र पुन्हा फुलं आली, फुलं गळून इवली फळं धरली. हिरवीगार, घट्ट. हौसानं त्याच्या खोडाला चांगली वीतभर माती चढवली. कारण टोमॅटोचं खोड मातीत गेलं की तिथेही मुळं फुटतात, अन् झाड जोर धरतं. दिवाळी चार दिवसांवर आली होती. आईसाहेब आता पाणीसुद्धा चमच्यानं घेत होत्या. आणि फळं काही पिकेनात.

त्या सकाळी राजा स्वतः फावडं घेऊन आला. टोमॅटोला माती चढवलेली बघितली, आणि शेवंतीवर माती ओढायला लागला. शेवंती घुसमटली. "हौसा, माझं खोड कुजेल गं!" एवढंच म्हणाली. एरवी तक्रारींचा पाढा वाचणारी ती, पण आवाजच निघेना.

हौसानं राजाचं मनगट धरलं. हो, राजाचं! शिपायांच्या तलवारी बाहेर आल्या.

"मारा!" हौसा ओरडली. "मारा मला, पण आधी ऐका. एकाला मातीत मूळ फुटतं, दुसरी मातीत कुजती. एकीला खुडलं की बरं वाटतं, दुसऱ्याचा जीव जातो. समद्यांस्नी सारखं म्हंजी न्याव न्हवं, महाराज. त्यो आळस हाय! ज्याला त्याला इचारायचा आळस!"

शेजारी टोमॅटो हे सगळं ऐकत होता. शेंडा खुडला तेव्हा तो नुसता कळवळला, फुलं नेली तेव्हाही त्यानं सोसलं. पण शेवंतीला पुरताना बघून त्याच्या रागाचा कडेलोट झाला. आधी एक फळ पिवळट झालं, मग केशरी. मग एकामागून एक सगळी फळं लालबुंद! रागानं असं लाल झालेलं झाड कुणी कधी बघितलं नव्हतं. राजाच्या हातातलं फावडं गळून पडलं.

हौसानं परवानगी-बिरवानगी काही विचारली नाही. एक फळ तोडलं, मुदपाकखान्यातून चिमूटभर मीठ घेतलं, आणि थेट आईसाहेबांच्या बिछान्याशी जाऊन बसली.

"आईसाहेब, तुमास्नी काय खावंसं वाटतंय?"

आईसाहेबांनी डोळे उघडले. "आंबट," त्या पुटपुटल्या. "काहीतरी आंबट दे गं बाई."

पहिल्या दिवशी त्यांनी एक फोड खाल्ली. दुसऱ्या दिवशी अख्खं फळ खाल्लं, रस हनुवटीवरून ओघळला. तिसऱ्या दिवशी भाकरी मागितली, उठून बसल्या आणि म्हणाल्या, "उदेभानाला बोलवा."

राजा धावत आला. आई वाचली म्हणून त्याचे डोळे भरून आले होते. त्याला वाटलं, आई आता जवळ घेईल. पण आईसाहेबांचा चेहरा त्या टोमॅटोसारखाच लाल झाला होता.

"उदेभाना, लहानपणापासून खीर तुला आवडते. मला कधीच आवडली नाही. वर्षभर ती माझ्यापुढे ठेवलीस. मी मरायला टेकले, तरी एकदासुद्धा विचारलं नाहीस, की आई, तुला काय हवं?"

राजा खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. आईसाहेबांनी त्याला पोटभर रडू दिलं. मगच त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

हौसानं शेवंतीची माती उकरली, सुकलेली फुलं काढून टाकली. महिनाभरानं ती पुन्हा फुलली आणि पुन्हा तक्रारी करायला लागली. हत्तीला पोटभर चारा मिळाला. सगळे सुखात राहिले. हौसा? ती रागारागातच सुखात राहिली, कारण राजा रोज झारी घेऊन बागेत यायचा आणि कुणाला किती पाणी घालू म्हणून तिचं डोकं खायचा.

चला, मिटा डोळे. आणि कुणाला पांघरूण हवंय, कुणाला नकोय, ते आधी एकेकानं सांगा बघू.