निम्म्या किमतीची मडकी

एका नगरात एक पंडित अर्थशास्त्र शिकवायचे. माणसं काय घेतात, काय टाळतात आणि का, याचा त्यांना भारी नाद. फक्त हे सगळं ते पाठशाळेच्या ओट्यावर बसूनच शोधायचे. बाजारात धूळ फार, असं त्यांचं म्हणणं!

एकदा एक कुंभारीण त्यांच्याकडे आली. "पंडितजी, भट्टीभर मडकी पडून आहेत. बाजाराला जेमतेम पाच-सहा जातात. पावसाळ्याआधी खपली नाहीत तर माती वाहणारं गाढव विकावं लागेल."

"त्यात काय! किंमत उतरली की खप वाढतो. निम्म्यानं विक."

"निम्म्यानं? पण पंडितजी, आमच्या बाजारात..."

"बाजार कुठलाही असो, शास्त्र तेच," पंडितांनी तिला मध्येच थांबवलं.

बिचारीनं निम्मी किंमत लावली. त्या दिवशी एकही मडकं गेलं नाही. ती डोळे पुसतच पाठशाळेत आली.

पंडित ओशाळले, पण त्याहून जास्त चक्रावले. स्वस्त केल्यावर खप घटला कसा? पुढच्या बाजारी ते उपरणं सावरत तिच्या शेजारी, थेट धुळीत जाऊन बसले.

एक म्हातारी आली, किंमत ऐकली आणि चालू लागली.

"आजी, एवढं स्वस्त, तरी घेत का नाही?"

"मला पाणी भरायचंय बाबा, राख नाही."

"राख?"

"कुठले म्हणायचे तुम्ही? टिचकी मारली की बद्द वाजतं ना, ते तडकलेलं मडकं आमच्याकडं निम्म्यानं जातं. चुलीतली राख भरायला."

पंडितांनी एका मडक्यावर टिचकी मारून पाहिली. खणखणीत वाजलं!

"हेच तर सांगत होते मी," कुंभारीण हळूच म्हणाली.

"चुकलं माझं. आता तूच सांग, काय करावं?"

तिनं शेजारची मातीची पसरट ताटली उचलली. "किंमत पहिलीच ठेवते. वर झाकायला असं परळ फुकट देते."

म्हातारी मागे वळली. तीन टिचक्या मारून तिनं दोन मडकी उचलली. पाठोपाठ बायका जमल्या. दोन बाजारांत भट्टी रिकामी झाली आणि गाढव दारातच राहिलं.

पंडितांनी पोथी उघडली. 'किंमत उतरली की खप वाढतो' या ओळीपुढे त्यांनी लिहिलं, 'बाकी सारं तसंच राहिलं तर.' तेव्हापासून बाजाराच्या दिवशी त्यांची पाठशाळा बाजारातच भरू लागली.

तात्पर्य: शास्त्र ओट्यावर बसूनही सुचतं, पण ज्यांच्याविषयी ते आहे, त्या माणसांना आधी वाक्य पुरं करू द्यावं.