शुक्रवारची घंटा

बाणेरच्या एका स्टार्टअपमध्ये चुकांना भलताच मान होता. आठवड्यातली सगळ्यात मोठी चूक करणाऱ्याने शुक्रवारी घंटा वाजवायची आणि बाकीच्यांनी टाळ्या. माणूस चुकांमधूनच शिकतो, हे मालक शार्दूल येईल त्याला ऐकवायचा.

तिथे चौपन्न वर्षांच्या हेमांगी टिपणीस मुलाखतीला आल्या. बसायला बीनबॅग मिळाली. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं.

"मॅडम, तुमचा अनुभव दांडगा आहे," सव्वीस वर्षांचा शार्दूल म्हणाला, "पण आमची टीम पंचविशीतली. तुमचं इथे जमेल का?"

बाईंनी उलट विचारलं, "गेल्या शुक्रवारी घंटा कशासाठी वाजली?"

"एकाने बॅकअप न घेताच डेटा उडवला."

"ती चूक मी सत्त्याण्णव साली केली. त्याच्या आधीची?"

"सुट्टीच्या आदल्या दिवशी नवं व्हर्जन सोडलं."

"दोन हजार तीन. अख्खी दिवाळी ऑफिसात काढली."

शार्दूलला हसू फुटलं. "मग आमची पुढची चूक कोणती, तेही सांगून टाका."

"वय बघून माणूस परत पाठवणं," बाई म्हणाल्या. "तीही माझी करून झालीय. तेव्हा मीसुद्धा तुमच्याइतकीच हुशार होते."

त्या दिवशी सोमवार होता. तरी शार्दूल उठला आणि स्वतः घंटा वाजवून आला.